दगडावरची अक्षरे किती वाजता दिसतात?

बंगळूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये एखादी लेख खोदलेली शिळा बहुतेक वेळा असतेच. या वस्त्या म्हणजे मूळची खेडी. आज त्यांच्या नावामागे 'लेआउट', 'स्टेज' नाहीतर 'फेज' लागले आहे. शिळा कधी देवळाच्या भिंतीला टेकून उभी असते, कधी तलावाच्या बांधाखाली आडवी पडलेली. पूर्वेकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिळेसमोर सकाळी आठला जाऊन पाहा. ऊन थेट तिच्या अंगावर असते, लख्ख उजेड असतो, आणि अक्षर म्हणून एकही दिसत नाही. त्याच शिळेसमोर साडेअकराला उभे राहिले तर ओळीच्या ओळी उमटलेल्या असतात. आडव्या शिळेचे नेमके उलटे. भर दुपारी ती कोरी असते आणि संध्याकाळी साडेपाचला वाचता येते.

गडकिल्ले फिरणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. दरवाज्यावरचा लेख डोळ्यांनी कसाबसा लागतो, मोबाइलमध्ये फोटो काढला की नुसता दगड येतो. मग कोणीतरी खडू काढतो. खडूचे पुढे बघू. आधी प्रश्न असा, की उजेड वाढला तर अक्षरे अधिक स्पष्ट दिसायला हवीत. ती नाहीशी का होतात?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला बंगळूरइतकी चांगली जागा क्वचित मिळेल. विसरलेल्या शिळा शोधायच्या, त्यांचे फोटो घ्यायचे आणि पुसट अक्षरे पुन्हा वाचायची, हे काम तिथे गेली काही वर्षे हौशी आणि अभ्यासक मिळून नेटाने करत आहेत.

शहर आधी की शिळा आधी

केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसवले असे शाळेत शिकवतात. कोट आणि पेठ त्याने बांधली हे खरेच. पण शहराच्या दक्षिणेला बेगूरच्या नागेश्वर देवळात इ.स. ८९० च्या सुमाराची एक शिळा आहे आणि तिच्यावर बंगळूरच्या लढाईचा उल्लेख आहे. नागत्तर नावाच्या अधिकाऱ्याच्या घरचा बुट्टणशेट्टी त्या लढाईत पडला, अशी ती नोंद. म्हणजे केंपेगौडाच्या आधी साडेसहाशे वर्षे हे नाव दगडावर खोदलेले होते.

उत्तरेला हेब्बाळ आहे. विमानतळाकडे जाताना जिथे उड्डाणपुलांच्या गुंत्यात गाडी अडकते, तेच हेब्बाळ. तिथे २०१८ मध्ये गटाराच्या खोदकामात एक वीरगळ वर आला. त्यावरच्या लेखात गंग राजा श्रीपुरुषाचे नाव आहे, आणि रट्टवाडीकडून आलेल्या धाडीला तोंड देताना मेलेल्या कित्तय्याचे. काळ इ.स. ७५० च्या आसपासचा. रट्टवाडी म्हणजे राष्ट्रकूटांचा मुलूख असे मानतात, तेव्हा ही धाड आपल्याच बाजूने गेलेली असणार, हे मराठी वाचकाने मनात ठेवलेले बरे. आता या वीरगळासाठी स्वतंत्र मंडप आहे.

आपल्या जवळचा लेख मल्लेश्वरमचा. काडु मल्लेश्वराच्या देवळाशी निगडित असलेल्या १६६९ च्या शिलालेखात मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. दान देणारे एकोजी, म्हणजे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी. विजापूरच्या रणदुल्लाखानाने १६३८ मध्ये बंगळूर घेतले, तिसऱ्या केंपेगौडाला मागडीकडे सरकावे लागले, आणि शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शिवाजीराजांचे बालपणीचे काही दिवस इथेच गेले. एवढे सगळे असूनही बंगळूरला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी किती जण हा लेख पाहून आले असतील, हे विचारायची सोय नाही.

हरवतात कशा, सापडतात कशा

या शिळांची पहिली मोठी मोजदाद बेंजामिन लुईस राइस यांनी केली. हे गृहस्थ इंग्रज, पण जन्म बंगळूरचाच, १८३७ चा. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना त्यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे बारा खंड काढले आणि त्यांत सुमारे नऊ हजार लेख छापले. बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ चा. राइस यांनी आणि नंतरच्या अभ्यासकांनी नोंदलेले बंगळूर परिसरातले लेख दीड हजारांच्या घरात जातात. पण नोंद असणे वेगळे आणि शिळा जागेवर असणे वेगळे.

जुन्या नोंदीतला पत्ता असतो 'गावाच्या उत्तरेला, अमक्याच्या शेतात' अशा धर्तीचा. आज त्या शेतावर सहा मजले उभे आहेत. गावाचे नाव बसथांब्यापुरते उरले आहे, किंवा तेही नाही. मग शोधणारा आधी जुना सर्व्हे नकाशा आजच्या नकाशावर ठेवून पाहतो. नंतर तलाव शोधतो. तलाव बांधणे, त्याची मोरी दुरुस्त करणे, बांधाच्या देखभालीसाठी जमीन तोडून देणे हे त्या काळातले मोठे सार्वजनिक काम असे आणि त्याची नोंद तिथल्या तिथे दगडावर केली जाई. आगरा तलावाजवळची नवव्या शतकातली शिळा अशाच कामाची आहे. त्यानंतर ग्रामदैवताचे देऊळ, आणि शेवटी गावातली म्हातारी माणसे. कन्नड येत नसेल तर हा शेवटचा टप्पा अवघड जातो.

शिळा मुद्दाम फोडलेल्या फार थोड्या. बहुतेक वापरात गेलेल्या असतात: गटारावरचे झाकण, कपडे धुण्याचा दगड, घराच्या जोत्यातला चिरा. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येतो आणि कडेची शिळा दर वेळी तेवढी खाली जाते. काही दशकांत ती दिसेनाशी होते. काही शिळांखाली धन आहे या समजुतीने खणाखणी झाली. उलट ज्या शिळेला गावाने देव मानले तिला हळदकुंकू, तेल, क्वचित ऑइलपेंट लागला, पण ती राहिली. लेखाच्या दृष्टीने तेलाची पुटे त्रासाची. शिळेच्या दृष्टीने पाहिले तर पुजाऱ्याचे उपकारच मानावेत.

मल्लेश्वरममध्ये तर आख्खे तीर्थच मातीखाली गेले होते. काडु मल्लेश्वराच्या समोरच्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खोदकाम झाले तेव्हा नंदीच्या मुखातून पाणी पडणारे कुंड बाहेर आले. आज ते नंदीतीर्थ म्हणून ओळखले जाते.

अक्षर म्हणजे एक उथळ चर

आता मूळ कोड्याकडे येऊ. छापलेले अक्षर आपल्याला दिसते कारण शाईचा रंग कागदाच्या रंगाहून वेगळा असतो. खोदलेल्या अक्षराला वेगळा रंग नसतो. टाकीने खोदले त्या वर्षी आतला ताजा दगड फिका दिसला असेल, पण शेदोनशे पावसाळ्यांनंतर आत-बाहेर सारखेच होते. मग डोळ्याला कळायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे चराच्या काठाची सावली. दगडावरचा लेख वाचणे म्हणजे खरे तर सावल्या वाचणे.

रात्री स्कूटरवरून जाताना हे रोज अनुभवाला येते. दुपारी सपाट भासलेला रस्ता रात्री आपल्याच दिव्याच्या उजेडात खड्ड्यांनी भरलेला दिसतो. खड्डे तेवढेच असतात, फरक दिव्याच्या उंचीचा. सूर्य वरून पाहतो, त्यामुळे खड्ड्याच्या तळापर्यंत उजेड पोहोचतो. स्कूटरचा दिवा रस्त्याला जवळजवळ समांतर असतो, त्यामुळे खड्ड्याचा अलीकडचा काठ पलीकडे काळी सावली टाकतो.

आकड्यांत पाहू. समजा अक्षर दोन मिलिमीटर खोल आहे. उजेड दगडाच्या पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन करत असेल तर काठाची सावली जेमतेम सव्वा मिलिमीटर पडते. कोन १५ अंशांवर आला की सावली साडेसात मिलिमीटर होते, म्हणजे नेहमीच्या रेघेची सगळी रुंदी भरून जाते आणि अक्षर शाईने लिहिल्यासारखे काळे उठते. दहा अंशांना ती अकरा मिलिमीटर.

मग कोन आणखी कमी केला तर आणखी छान दिसेल का? इथे बंगळूरचा दगड आडवा येतो. सह्याद्रीतल्या आपल्या काळ्या बेसाल्टचा दाणा इतका बारीक, की घासून तो गुळगुळीत होतो. बंगळूरच्या खालचा दगड भरड दाण्यांचा, पट्टेदार. भूशास्त्रात त्याला नीस म्हणतात. लालबागेतली केंपेगौडाच्या बुरुजाची टेकडी याच दगडाची. वय सुमारे तीनशे कोटी वर्षे, आणि १९७५ पासून ती राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक आहे. या दगडात मऊ खनिजे आधी झिजतात आणि कठीण दाणे अर्धा-एक मिलिमीटर वर राहतात. उजेडाचा कोन पाच अंशांवर आला की एक मिलिमीटरचा हा दाणासुद्धा अकरा मिलिमीटरची सावली टाकतो. अक्षराच्या सावल्या आणि दाण्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात आणि शिळेवर नुसते ठिपके-ठिपके दिसू लागतात. म्हणून नीसवर १० ते २० अंशांची पट्टी कामाची. बेसाल्टवर त्याहून खाली उतरता येते.

मग जायचे किती वाजता?

फोटो काढणारे सांगतात की उगवतीचे किंवा मावळतीचे ऊन उत्तम. आडव्या शिळेसाठी ते अगदी खरे, कारण सूर्य क्षितिजाजवळ असताना जमिनीला समांतर असलेल्या पृष्ठभागावर उजेड तिरपा येतो. पण शिळा उभी असेल तर हा सल्ला नडतो. पूर्वाभिमुख शिळेला उगवतीचे ऊन समोरून, जवळजवळ काटकोनात भिडते. सावली पडायला जागाच नाही. अशा शिळेला तिरपा उजेड मिळतो तो सूर्य डोक्यावर येण्याच्या तासभर आधी, कारण तेव्हा ऊन वरून तिच्या अंगाला चाटून खाली उतरते. बंगळूरला खरी मध्यान्ह घड्याळात बारा-वीसच्या आसपास होते. म्हणून साडेअकरा. पश्चिमाभिमुख शिळेसाठी दीडच्या सुमारास जावे. फोटोचे पुस्तक ज्या वेळेला वाईट म्हणते, नेमक्या त्याच वेळेला.

दक्षिणेकडे तोंड असलेली उभी शिळा विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मध्यान्ही पाहावी. बंगळूर साधारण १३ अक्षांशांवर आहे, त्यामुळे त्या दिवशी मध्यान्हीचे ऊन तिच्या पृष्ठभागाशी १३ अंशांचा कोन करते. डिसेंबरमध्ये हाच कोन ३६ अंशांच्या पुढे जातो आणि अक्षरे फिकी पडतात.

उत्तराभिमुख शिळा सगळ्यांत हट्टी. वर्षाचा बराच काळ मध्यान्हीला तिच्यावर ऊन पडतच नाही. पण उष्णकटिबंधात राहण्याचा एक फायदा आहे. बंगळूरला एप्रिलच्या २४-२५ तारखेला आणि पुन्हा ऑगस्टच्या १८ च्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य त्या दिवशी बरोबर डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मधले जवळजवळ चार महिने मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. जूनअखेरीस तो उत्तराभिमुख शिळेशी साधारण १० अंशांचा कोन करतो, म्हणजे हवा तसा. पुण्यात हीच मुदत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत येते. तेव्हा आपल्याकडे आभाळ कोसळत असते, सूर्य कोणत्या दिशेला आहे हे पंचांगावरूनच कळते. या बाबतीत बंगळूरकरांना मे महिना सापडतो, आपल्याला धड तोही नाही.

एका बाजूचा उजेड अर्धेच सांगतो

वेळ साधली तरी एक अडचण उरते. उजेड डावीकडून येत असेल तर उभ्या रेघांच्या काठांना सावली पडते. आडव्या रेघा मात्र उजेडाच्याच दिशेने धावत असल्याने कोऱ्या राहतात. कन्नड लिपी गोलाईची, तिच्यात एकाच अक्षराचा अर्धा भाग उठतो आणि अर्धा बुडतो. देवनागरीत काना दिसेल, पण शिरोरेघ दिसेलच असे नाही. एका फोटोवरून वाचलेला शब्द दुसऱ्या बाजूने उजेड टाकल्यावर बदलतो, हे या क्षेत्रात नेहमीचे.

उपाय सोपा आहे. अंधार पडल्यावर जावे, किंवा दिवसा काळ्या छत्रीने नाहीतर चादरीने शिळेवर सावली करावी आणि उजेड आपल्या हातात घ्यावा. एकाने कॅमेरा न हलवता समोर धरायचा. दुसऱ्याने टॉर्च दगडाच्या पातळीत, हात लांब करून, आधी डावीकडून, मग वरून, मग उजवीकडून आणि खालून धरायची. दिवसा टॉर्चचे काम आरसाही करतो. दूर उन्हात उभे राहून तो कवडसा तिरपा पाडायचा. मोबाइलचा स्वतःचा फ्लॅश मात्र बंद ठेवायचा. तो भिंगाला चिकटून असतो, म्हणजे आपण जिथून पाहतो तिथूनच उजेड जातो. पडलेली प्रत्येक सावली काठाआड लपते आणि कॅमेऱ्याला दिसतच नाही.

खालून टाकलेल्या उजेडाच्या फोटोबद्दल सावध राहावे लागते. सूर्य वर असतो ही सवय आपल्या मेंदूत इतकी मुरली आहे, की फोटो पाहताना तो उजेड वरूनच आला असे धरून चालतो. उजेड खालून असेल तर खोदलेले अक्षर उठावाचे वाटू लागते, खाच उंचवटा होते. म्हणून छापायला द्यायचा फोटो वरून-डावीकडून उजेड असलेलाच निवडतात. बाकीचे वाचणाऱ्याने आपल्यापाशी ठेवावेत.

ठशापासून स्कॅनरपर्यंत

कॅमेऱ्याच्या आधीपासून अभ्यासकांची पद्धत होती ठसा घेण्याची, आणि ती अजून चालू आहे. शिळा धुऊन ओला कागद तिच्यावर बसवतात. कुंचल्याने ठोकून ठोकून तो प्रत्येक चरात उतरवतात. अर्धवट वाळला की शाईचा बोळा वरून हलके थापतात. शाई सपाट भागाला लागते, चरात उतरलेल्या कागदाला लागत नाही. काळ्यावर पांढरी अक्षरे मिळतात, तीही खऱ्या मापाची. बंगळूरच्या कित्येक शिळा आज जागेवर नाहीत, त्यांचे शब्द शिल्लक आहेत ते अशा ठशांमुळे आणि छापलेल्या वाचनांमुळे. फोटोही बरेच जुने. मेजर डिक्सन यांनी १८६५ च्या सुमारास म्हैसूर सरकारसाठी शिलालेखांचे फोटो घेतले होते आणि राइस यांचे १८७९ चे 'म्हैसूर इन्स्क्रिप्शन्स' हे पुस्तक त्यांच्या आधारावर उभे आहे.

ठशाची मर्यादा अशी की तो फक्त खोल-उथळ एवढेच सांगतो. किती खोल, ते नाही. झिजून पाव मिलिमीटर उरलेल्या रेघेत कागद उतरतच नाही.

टॉर्च फिरवण्याची युक्ती २००१ मध्ये टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर नेली. तिच्या आजच्या रूपाला आरटीआय म्हणतात. माहितीच्या अधिकाराशी संबंध नाही. कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा आणि उजेड चहूबाजूंनी फिरवत चाळीस-पन्नास फोटो घ्यायचे. फोटोतला प्रत्येक बिंदू कोणत्या दिशेच्या उजेडात किती उजळला हे संगणक पाहतो आणि त्यावरून दगडाचा तेवढा कण कोणत्या बाजूला कललेला आहे ते काढतो. मग पडद्यावर, घरी बसून, हव्या त्या दिशेने उजेड टाकता येतो. प्रत्यक्ष शिळेला कधी मिळालाच नसता असाही.

बंगळूरच्या मिथिक सोसायटीने त्याच्या पुढची वाट धरली. १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था नृपतुंग रस्त्यावर आहे. पी. एल. उदयकुमार यांच्यासारख्या, पेशाने अभियंता असलेल्या हौशी शोधकांनी २०१७ पासून शिळा शोधायला सुरुवात केली होती. २०२१ पासून सोसायटीच्या प्रकल्पात या शिळांचे त्रिमितीय स्कॅन होऊ लागले. हातात धरायचा स्कॅनर शिळेवर उजेडाची ठरावीक नक्षी टाकतो आणि थोड्या अंतरावरचा कॅमेरा ती टिपतो. पृष्ठभाग सपाट असेल तर पट्टे सरळ दिसतात, चर आला की वाकतात. दिवा आणि कॅमेरा यांच्यातले अंतर माहीत असते, त्यामुळे पट्टा किती वाकला यावरून त्रिकोणमितीने खोली निघते. शिळेवर हात फिरावा तसा स्कॅनर फिरवला की लाखो बिंदूंची उंची-खोली जमा होते.

खरी गंमत त्यानंतरची. संगणकात दगडाचा रंग काढून टाकता येतो. कुंकवाचे डाग, शेवाळ, चुन्याचे ओघळ सगळे जाते, राहतो फक्त आकार. त्या आकाराला खोलीनुसार छटा द्यायच्या: वरचे पांढरे, खोलातले काळे. डोळ्याला सपाट वाटणाऱ्या जागी अर्धा मिलिमीटरही न उरलेली अक्षरे वर येतात. राइस यांच्या काळात अर्धवट राहिलेली काही वाचने अशाने पुरी झाली, काही बदलली. ऑइलपेंटच्या जाड थराने चरच भरून गेला असेल तर मात्र स्कॅनरचेही चालत नाही. तो रंगाच्या वरचाच पृष्ठभाग मोजतो.

स्कॅनर परवडत नसेल तर साध्या कॅमेऱ्याने शिळेभोवती फिरत, एकमेकांवर बऱ्यापैकी चढणारे शेकडो फोटो काढूनही असा आकार तयार करता येतो. त्याला वेळ लागतो आणि संगणक तापतो. पण महाराष्ट्रातल्या एखाद्या गटाला उद्या सुरुवात करायची असेल तर माझ्या मते ती याच वाटेने करावी.

> चौकट: शिळेपुढे उभे राहण्याआधी
>
> होकायंत्र लावून शिळेचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते पाहा आणि त्यावरून वेळ ठरवा. लेखाचा जवळून फोटो घेण्याआधी शिळा, तिच्या मागचे देऊळ, बाजूचा बांध, रस्ता असा सगळा परिसर टिपा. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा. लेखाचे फोटो किमान चार बाजूंच्या उजेडात, कॅमेरा न हलवता. धुवायची तर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. पाणी वाळताना चर उशिरा कोरडे होतात, त्या काही मिनिटांतही अक्षरे छान दिसतात. खडू, पीठ, आम्ल, तारेचा ब्रश यांतले काहीही नको. पुजेतली शिळा असेल तर आधी पुजाऱ्याला विचारा.

खडूला एवढा विरोध का, असे विचारले जाते. खडूने भरलेले अक्षर म्हणजे भरणाऱ्याला जे वाटले ते. त्याने 'प'चा 'ष' केला की त्यानंतर येणारा प्रत्येक फोटो 'ष'च दाखवतो, आणि दगडाला बिचाऱ्याला खुलासा करता येत नाही.

परिसराचा फोटो तितकाच महत्त्वाचा, माझ्या मते अधिकच. सीमेचा दगड सीमेवर असतो तोवरच सीमा सांगतो. तलावाच्या दानाची शिळा उचलून संग्रहालयात नेली तर शब्द वाचतात, पण तलाव कुठवर होता याचा पुरावा जातो. रस्ता रुंदीकरणात शिळा हलवावीच लागली तर निदान आधीची जागा फोटोत आणि नकाशावर पक्की व्हायला हवी. सुंदर उजेडातला, पण ठिकाण न लिहिलेला फोटो मला तरी अर्धाच वाटतो.

अक्षरे लागली; साल कसे ठरते?

हेब्बाळच्या लेखात साल दिलेले नाही. श्रीपुरुषाचे नाव असल्याने काळ त्याच्या कारकिर्दीत, म्हणजे ७२६ ते ७८८ यांच्या दरम्यान पडतो. त्या पट्टीत नेमके कुठे, ते अक्षरांच्या वळणावरून. प्रत्येक अक्षराचा आकार शतकागणिक बदलत गेला आहे. तारीख माहीत असलेल्या लेखांतली अक्षरे शेजारी ठेवून हे वळण कोणत्या पिढीचे ते अंदाजतात. म्हणूनच ७५० च्या 'सुमारास' म्हणायचे. स्कॅनमधून एकेक अक्षर वेगळे काढून ठेवण्याचे काम मिथिक सोसायटीने 'अक्षर भंडार' या संगणकीय साधनातून चालवले आहे. तुलना त्यामुळे सोपी होते.

साल दिलेले असेल तर पडताळा घेता येतो, आणि तो मराठी घरातल्या कॅलेंडरवरही जमतो. दक्षिणेतले लेख शकाच्या आकड्याबरोबर बहुधा संवत्सराचे नाव देतात. आपल्याकडेही संवत्सरांची तीच साठ नावे आणि तोच क्रम. शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागायचे. जी बाकी उरते तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजून. १६६९ च्या पाडव्याला शके १५९१ लागले. १५९१ अधिक १२ म्हणजे १६०३. साठाने भागून बाकी ४३, आणि त्रेचाळिसावे संवत्सर सौम्य. शक एक सांगतो आणि संवत्सर दुसरे, असे झाले तर कुठेतरी आकडा चुकीचा वाचला गेला आहे, किंवा खोदणाऱ्याने सरलेले वर्ष धरले आहे, किंवा लेख मागाहून बनवलेला आहे. यांतले कोणते, ते तिथी आणि वार जुळवून ठरवतात. तिथी आणि वार यांची जोडी खोट्या लेखात सहसा बिघडते.

अशा हिशेबाने एकोजींचे दान काळात नीट बसवता येते. शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरेला शिकारीत गेले, त्यांची समाधीही तिथेच आहे. त्यानंतर पाच वर्षांनी एकोजी मल्लपुरच्या देवाला गाव तोडून देत आहेत, म्हणजे बंगळूरचा अंमल त्यांच्या हाती चालू आहे. तंजावर त्यांनी घेतले ते आणखी पाच-सहा वर्षांनी. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांकडे गेले आणि लगेच तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे. भोसल्यांचे लेख त्यानंतर तंजावरात खोदले गेले. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ चा प्रचंड मराठी लेख त्याच वंशातल्या सरफोजींचा. तो मात्र वाचायला टॉर्च लागत नाही.